बर्फातून थेट नवतप्यात

हा, भूतान
चैत्र

ती. आई-बाबांना,


फोनवर आई मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे पत्र. रविवारी तिने ‘कामठी’ एवढा एक शब्द ऐकला आणि त्यापुढचं काही ऐकलंच नाही. मागून बाबा विचारून राहिले होते, “काय झालं, रडून काऊन राहिली?” आणि मी इकडून ओरडून सांगत होते की रडू नका, हसूही नका, आत्ता नुसती यांच्या पोस्टिंगची ऑर्डर आली आहे, मूव्हमेंट ऑर्डर यायची आहे. तेवढ्यात रेंज गेली. आता ताईकडून कळतं की नागपुरात धरमपेठेपासून महालापर्यंत बातमी पोचली असून मामांनी फौजी कॅन्टीनमध्ये मिक्सर किती स्वस्त पडतो याची चौकशीही करून ठेवली आहे.

आधी ऑर्डरचं समजून घ्या. फौजेत ऑर्डर निघते, मग तिच्यात दुरुस्ती निघते, आणि कधी कधी त्या दुरुस्तीतही दुरुस्ती. इथल्याच एका जोडप्याने राजस्थानच्या उन्हाला पुरतील असे जाड पडदे शिवून घेतले आणि ऐन वेळी त्यांची रवानगी झाली अरुणाचलात. तेव्हा आई, सत्यनारायण तूर्त बोलू नकोस. बोललीच असशील तर तारीख तरी मोकळी ठेव.

घराची हालत सांगते. फोटोत पाहून तू ज्या दिवाणाचं कौतुक केलं होतंस ना, कशिद्याची चादर, वर दोन तक्के, तो दिवाण म्हणजे दोन काळ्या लोखंडी पेट्या आणि एक गादी. मधलं टेबल म्हणजे तिसरी पेटी. ज्याच्यावर टीव्ही आहे तीही पेटीच. बाकी पलंग, खुर्च्या, जेवणाचं टेबल सगळं सरकारचं, पायावर नंबर रंगवलेलं. त्यामुळे सामान बांधायचं म्हणजे आधी बसायचं काय ते बघायचं. गेल्या आठवड्यात पेट्या रिकाम्या करून पुन्हा भरायला घेतल्या तर पाहुण्यांना बसवायला जागा उरली नाही. पाहुणे फौजेतलेच होते. बिनतक्रार कार्टनवर बसले आणि त्यांनी आमचीच दोरी घेऊन गाठ मारायची योग्य पद्धत शिकवली.

पेट्यांवर नाव, नंबर, नवा पत्ता पांढऱ्या रंगात लिहावा लागतो. स्टेन्सिल लावून तुमचे जावई अंगणात बसतात आणि अक्षर वळणदार यावं म्हणून जीभ बाहेर काढतात. जुना पत्ता काळ्या रंगाने बुजवायचा, त्यावर नवा. त्यांच्या लग्नाआधीच्या एका पेटीवर इतके थर चढले आहेत की झाकण नीट बसत नाही. त्याच पेटीत काय निघालं सांगू? डंबेल्स, क्रिकेटचे पॅड, कुठल्याशा मेसमधला काटा-चमचा आणि अकादमीतली एक चादर. “हे टाकून देऊ या?” म्हटलं तर असा चेहरा केला की जणू मी पलटणीचं निशाण भंगारात द्यायला निघाले. गेलं सगळं पुन्हा आत. त्याबदल्यात माझा सोऱ्या, पुरणयंत्र आणि आजीचा पाटा यांच्यावर चर्चा होणार नाही असा करार झाला. पाटा यादीत ‘दगड, स्वयंपाकाचा, नग १’ असा लिहिला आहे. ही यादी हरवली तर आम्हाला आमचाच संसार ओळखू यायचा नाही. गणपतीला मात्र त्यांनी पेटी क्रमांक द्यायला घेतला तेव्हा मी आडवी आले. तो माझ्या हातातल्या पिशवीतून येईल, तिकीट न काढता.

दुसरं युद्ध स्वयंपाकघरात. निघायच्या आत डबे रिकामे व्हायला हवेत, आणि आई, तू वर्षभर जे पाठवत आलीस ते पाहता पुढची दोन बिऱ्हाडंही ते संपवू शकणार नाहीत. त्यामुळे सध्या आम्ही स्वयंपाक करत नाही, साठा निकाली काढतो. सोमवारी कुरडया आणि मुगाची खिचडी. मंगळवारी मेतकूट-भात आणि उरलेल्या कुरडया. बुधवारी तुमच्या जावयांनी हिमतीने इथला एमा दात्शी केला आणि त्यात सांडगे टाकले. तुम्हाला सांगते, हा माणूस सावजीच्या रश्श्यात घाम न पुसता दोनदा वाटी पुढे करणारा. भिवापूरच्या मिरचीवर भाषण देणारा. पण इथे मिरची मसाला नसते, भाजी असते. आपण भेंडी घेतो तशी शेरभर घ्यायची, उभी चिरायची आणि चीजमध्ये शिजवायची. पहिल्या वर्षी एका भूतानी घरी त्यांनी नागपूरची अब्रू राखायला दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि नंतर रात्रभर आमच्या अंगणात फेऱ्या मारल्या. आता सवय झाली आहे. मला भीती एवढीच की कामठीला गेल्यावर सावजीकडे बसून “जरा फिकं आहे” असं ते म्हणतील आणि तिथून आम्हाला हाकलून देतील.

गुढी उभारली होती, फोटो पाठवला होता. कडुनिंब इथे साधारण २,७०० मीटरवर कुठून यायचा, मग खालून सीमेवरच्या जयगावहून येणाऱ्या एकाकडून वाळका पाला मागवला. साडी, तांब्या, साखरेची गाठी, सगळं रीतसर. शेजारच्या आजी कुंपणापाशी येऊन बराच वेळ बघत होत्या. त्यांच्याकडे घरापुढे उंच काठ्यांना मंत्र छापलेली लांब निशाणं लावतात, त्यामुळे आम्ही शेवटी सुधारलो असं त्यांना वाटलं असावं. संध्याकाळी मी गुढी उतरवली तशा त्या कासावीस झाल्या. निशाण उतरवतात का कधी? ते वाऱ्याने झिजून आपोआप विरायचं असतं. मोडक्या हिंदीत मी सांगितलं की ही साडी माझ्या मावशीने दिली आहे आणि विरली तर मावशी विचारेल. हे त्यांना लगेच पटलं. मावशी सगळ्या देशांत सारख्याच दिसतात.

आम्ही नागपूरला जाणार हे कळल्यावर त्यांनी विचारलं, ते बोधगयेजवळ आहे का? हिवाळ्यात इथली पुष्कळ माणसं तिकडे यात्रेला जातात. मी म्हटलं, जवळ नाही, पण आमच्या गावात दीक्षाभूमी आहे, १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे लाखो लोकांसोबत धम्मदीक्षा घेतली. आणि आम्ही राहणार त्या कामठीत जपानी मदतीने बांधलेलं ड्रॅगन पॅलेस मंदिर आहे. ड्रॅगन ऐकताच त्या खूश. त्यांच्या राष्ट्रध्वजावरच ड्रॅगन आहे. मग विचारलं, तिकडे डोंगर कसे आहेत? मी सीताबर्डीच्या टेकडीबद्दल सांगितलं. किती उंच, हे त्यांनी हाताने विचारलं. मी हाताने दाखवलं. त्या सौजन्याने गप्प राहिल्या.

बाबा, फुटाळ्यावरच्या तुमच्या सकाळच्या मंडळींत कुणीतरी विचारलं म्हणे की भूतानात आपली फौज कशाला. त्यांना सांगा, लढायला नाही, शिकवायला. आपलं लष्करी प्रशिक्षण पथक, इम्ट्राट, १९६२ पासून इथे आहे आणि भूतानच्या सैन्याला प्रशिक्षण देतं. त्याच्या आदल्या वर्षी सीमा सडक संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प आला, त्याने फुंतशोलिंगपासून थिंफूपर्यंतचा रस्ता काढला. त्यापूर्वी १९५८ मध्ये पंडित नेहरू आले ते तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, डोंगरवाटांनी, कारण मोटारीचा रस्ताच नव्हता. तुमचे जावई म्हणतात, पंतप्रधानांचं सामान नक्कीच आपल्यापेक्षा कमी असेल. आजीचा पाटा त्यांच्या मनातून जात नाही.

घर सोडायचं तर त्याआधी घर सोपवायचं असतं. त्याला हँडिंग-टेकिंग म्हणतात. खिडकीच्या काचा, नळ, बुखारीचं धुराडं, खिळे, सगळं मोजून घेतात आणि भिंतीला भोक दिसलं की त्याची किंमत धरतात. आम्ही दोघं संध्याकाळी टूथपेस्टने खिळ्यांची भोकं बुजवत असतो. (हे पत्र कुणाला वाचून दाखवू नका.) यादीत नसलेलंही बरंच सोपवावं लागतं. अंगणात मी मेथी आणि मुळा पेरलाय, तो आता येणारं बिऱ्हाड खाईल. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण आम्ही आलो तेव्हा कोथिंबिरीचा वाफा तयार होता आणि लावणारीचं नाव मला अजून ठाऊक नाही. सफरचंदाचं झाड तर कुणी लावलं ते कुणालाच माहीत नाही.

आणि भुऱ्या. तो आमचा कुत्रा नाही, या क्वार्टरचा आहे. अंगावर एवढी लोकर की तुझी शाल फिकी पडावी. मेमधल्या नागपुरात त्याला नेणं म्हणजे गुन्हा. त्याचंही हँडिंग-टेकिंग ठरलं आहे: नव्या बाईंना फोनवर सांगितलं, सकाळी एक पोळी, संध्याकाळी हाडूक, आणि बर्फ पडला की व्हरांड्यात पोतं. त्यांनी विचारलं, “चावतो का?” तुमच्या जावयांनी मागून सांगितलं, “फक्त इन्स्पेक्शनला आलेल्यांना.” म्हणजे हिशेब सारखा.

आता प्रवास. ट्रक पुढे जाईल. ट्रकवाला “आठ-दहा दिवस” म्हणतो. हेच शब्द मागच्या वेळच्या ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकले होते, म्हणून मी दोन बॅगांत पंधरवड्याचे कपडे घेते आहे. आम्ही घाटाने फुंतशोलिंगला उतरू, वाटेत दंतकच्या कॅन्टीनला डोसा, मग हासीमाऱ्याहून कांचनकन्या पकडून सकाळी सियालदा. तिथून हावड्याला टॅक्सी, आणि दुपारी गीतांजली. हामधून निघताना स्वेटर घालून निघू, फुंतशोलिंगला तो हातात येईल आणि रायपूरच्या आसपास, माझा अंदाज आहे, आम्ही एकमेकांशी बोलणं बंद केलेलं असेल. पोचू ते नेमकं नवतप्याच्या तोंडाशी. आपला सगळा ऊन-संसार मी विसरले आहे. आंब्याचं पन्हं सोडून. इतवारीतून वाळ्याच्या ताट्या आत्ताच आणून ठेवा, मेमध्ये भाव चढतात.

आई, आता राग येईल असं लिहिते. कामठी धरमपेठेपासून तासाभराच्या अंतरावर असली तरी ती पोस्टिंग आहे, माहेरपण नाही. ‘संध्याकाळी येऊन जा’ म्हटलं की मी आले असं होणार नाही. यांना स्टेशन सोडायचं तर परवानगी लागते. मला लागत नाही, हे खरं, पण ते तू मामांना सांगू नकोस. क्वार्टरसाठी नंबर लावावा लागतो, तोवर गेस्टरूम. तिथे तू डबा घेऊन रोज यायचा बेत केला आहेस असं ताई म्हणते. आई, गेटवर संतरी नावनोंदणी करून घेतात. ओळखपत्र आण. बाबांचं नाही, तुझं.

भूतानात असताना मला एक सोय होती: कुणाच्या बारशाला न येण्याचं कारण देश वेगळा, हे होतं. आता प्रत्येक बारशाला, मुंजीला, मारबतीला आणि तान्ह्या पोळ्याला मला बोलावणं येईल, आणि कारण सुचणार नाही. तुमचे जावई यावर म्हणतात की खरी फील्ड पोस्टिंग हीच.

कॅन्टीनचंही एकदाच सांगून टाकते. तिथलं सामान कार्डधारकाच्या घरासाठी असतं, वाटायला नसतं. मिक्सर नाही. मामांनी ज्याबद्दल ताईच्या कानात विचारलं ती बाटलीही नाही. त्यांना वाटल्यास माझ्याकडून संत्रा बर्फी घेऊन जाईन, त्याला कार्ड लागत नाही.

पाकिटात थोड्या भूतानी नोटा ठेवल्या आहेत. किंमत रुपयाएवढीच, पण बर्डीवर कुणी घेणार नाही. बाबांच्या संग्रहात लावा. आणि रोज रात्री साडेनऊला जो फोन करता तो नऊला करा, इथे घड्याळ अर्धा तास पुढे असतं आणि दहा वाजता वीज गेली की मी पेटीला अडखळते.

सगळ्यांना नमस्कार, ताईच्या पोराला पापा.

तुमची
लाडकी लेक

ता. क. बाबा, कामठी स्टेशनवर हार घेऊन उभं राहायचा तुमचा बेत कळला. गीतांजली कन्हानचा पूल ओलांडून कामठीवरून धडधडत निघून जाते, थांबत नाही. नागपूरलाच या. हार नको, एक हमाल ठरवून ठेवा. पाटा हातसामानात घेतला आहे.