बी भिजत घालण्याची शास्त्रोक्त पद्धत

मृगाचा पाऊस पडो न पडो, जूनच्या पहिल्या आठवड्यात स्वयंपाकघरातली एक वाटी नाहीशी होते. शोध घेतल्यावर ती वॉशिंग मशीनच्या मागे सापडते. आत कारल्याच्या बिया पाण्यात पडलेल्या असतात आणि शेजारी ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी. गॅलरीतल्या शेतीचा हा पहिला आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचा टप्पा. तो यथासांग पार पडावा म्हणून हे मार्गदर्शन.

सर्वप्रथम मन घट्ट करावं. रात्री मटकी भिजवून सकाळी उपसायची आणि फडक्यात बांधून ठेवायची, एवढं ज्या घराला येतं त्याला या विषयातलं जवळपास सगळं येतं. पण मटकी वाण्याकडून येते आणि बियाण्याच्या पाकिटावर तकतकीत कारल्याचा फोटो असतो. त्यामुळे माणूस बिचकतो.

भिजण्याचा मान प्रत्येक बीला नाही. कारलं, दोडका, पडवळ ही निबर कवचाची मंडळी. त्यांना चोवीस तास द्यावेत. कारल्याच्या बीचं टोक आधी नेलकटरने किंचित उडवावं. फक्त कवच उडवायचं, आतला गर नव्हे. (नेलकटर जागच्या जागी ठेवावं. न ठेवल्यास होणारा वाद प्रस्तुत लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.) भेंडीला एक रात्र पुरते. अख्खा धना हे खरं तर फळ, त्याच्या पोटात दोन बिया. म्हणून तो चपलेखाली हलकेच रगडून, दोन भाग करून भिजवावा. अन्नाला पाय लावल्याचा आक्षेप कोणी घेतल्यास लाटणं घ्यावं, म्हणजे आक्षेप लाटण्यावर येतो. मुळा, मोहरी, टोमॅटो मात्र कोरडेच पेरावेत. बारीक बी ओलं झालं की बोटाला असं चिकटतं की वाफ्यात बोटच पेरावं लागतं.

घेवडा आणि मटार यांच्याबाबत लोभ आवरावा. कोरडा दाणा इतक्या अधाशीपणे पाणी ओढतो की आतल्या पेशींचे पडदे फाटतात. दोन-चार तास खूप झाले. जमिनीत ओल असेल तर तेवढेही नकोत, थेट टोकावं. गुलाबी किंवा निळ्या रंगाचं बी तर भिजवूच नये. त्याला बहुधा थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पाण्यात उतरतं, आणि वाटी उद्या आमटीला लागणार असते.

पाण्यात काय घालावं? पाणी. ताक, मध, दालचिनी सुचवणारे शेजारी भेटतील. त्यांना चहा पाजावा. मिठाचं पाणी खरं आहे, पण ते भातासाठी: दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, पोचट दाणे तरंगतात, ते काढायचे आणि तळाचं बी धुऊन घ्यायचं. भेंडीला मीठ कढईत.

आता मुख्य इशारा. बी टम्म फुगली म्हणून पेढे वाटू नयेत. पाणी शोषणं हे निव्वळ भौतिक काम आहे. मेलेली बीसुद्धा तितक्याच उत्साहाने फुगते. जिवंत बीला त्यानंतर श्वास लागतो, आणि वाटीतल्या पाण्यात प्राणवायू तो किती असणार! तिसऱ्या दिवशी दिसणारे बुडबुडे पाहून ‘जीव धरला हं’ म्हणणाऱ्यांनी वाटीला नाक लावावं. आंबूस वास आला तर तिथे शेती संपून इडलीचं पीठ सुरू झालेलं असतं. म्हणून चोवीस तास हीच कमाल मर्यादा. भिजत घोंगडं ठेवू नये. बी उपसून, पिळलेल्या ओल्या फडक्यात गुंडाळून, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात उबेला ठेवावी. पंचवीस-तीस अंश पुरे, जे जूनमध्ये आपोआप मिळतात.

मोड दिसताच घरातल्या प्रत्येकाला तो उलगडून दाखवण्याची प्रथा आहे. ती मोडावी, नाहीतर मोड मोडतो. पांढरं टोक खाली करून बी बोटाच्या पहिल्या पेराइतकी खोल मातीत ठेवावी आणि पुन्हा उकरून पाहू नये. पाहणारच असाल तर कडेला दोन बिया जास्त लावा, खास उकरण्यासाठी.