बालकांच्या तणावनिवारणाचा घरगुती बंदोबस्त

ज्या बालकास पहाटे साडेपाचला उठवून सातच्या शाळेत रुजू करण्यात येते, दुपारी शिकवणीस, सायंकाळी अबॅकसला व त्यानंतर पोहण्याच्या तलावावर हजर करण्यात येते, आणि रात्री दुसऱ्या दिवशीच्या चाचणीची उजळणी करून घेऊन 'आता शांत झोप' असा हुकूम सोडून ज्याच्या खोलीतला दिवा मालवण्यात येतो, त्या बालकाच्या ठायी क्वचित ताण आढळतो, ही गोष्ट आता सर्व सुविद्य कुटुंबांत मान्य झाली आहे. ताणाची कारणे कमी करावीत असा उपाय काही भाबडी मंडळी सुचवितात. परंतु शिकवणीची फी सहा महिन्यांची आगाऊ भरलेली असते आणि अबॅकसची तिसरी पायरी शेजारच्या मुलाने दिवाळीपूर्वीच ओलांडलेली असते, हे ध्यानी घेता तो उपाय अव्यवहार्य ठरतो. तेव्हा कारणे जागच्या जागी शाबूत ठेवून परिणाम तेवढा दूर कसा करावा, एवढाच प्रश्न उरतो. आणि कर्तव्यदक्ष पालकांच्या सोयीसाठी त्याचे सांगोपांग विवेचन येथे योजिले आहे.

शास्त्राधार

कोणत्याही घरगुती जुलमास शास्त्राचा आधार असला म्हणजे तो सुसह्य होतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन ह्या शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे दाखवून दिले की, संकट समोर उभे राहताच प्राण्याचे शरीर लढण्याची किंवा पळण्याची सिद्धता करते: मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाची गती वाढते, स्नायू ताठतात आणि पचनाचे काम तूर्त तहकूब होते. फळ्यापुढे उभ्या असलेल्या बालकाच्या शरीरास वाघ आणि व्यवहारी अपूर्णांक ह्यांतील भेद कळत नाही; दोहोंसाठी ते सारखीच तयारी करते, आणि अपूर्णांकापासून पळून जाण्यास परवानगी नसल्यामुळे ती तयारी अंगातच शिल्लक राहते. पुढे १९३६ साली माँट्रियलच्या हान्स सेल्ये ह्यांनी उंदरांना थंडी, इजा, अतिश्रम अशा निरनिराळ्या जाचांत ठेवून पाहिलेले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जाच कोणताही असो, अधिवृक्क ग्रंथी फुगणे आणि जठरात व्रण पडणे हे परिणाम समानच आढळले होते. त्या उंदरांना शिष्यवृत्ती परीक्षेस बसविण्यात आले नव्हते, ही त्या प्रयोगातील एक उणीव मानली पाहिजे.

पूर्वतयारी

प्रथम वेळ मुकरर करावी. अबॅकस आणि पोहणे ह्यांच्या दरम्यान पाच चाळीस ते पाच पंचावन्न असा अवकाश बहुतेक बालकांच्या वेळापत्रकात मोकळा असतो. त्या वेळी बालक खिडकीबाहेर पाहत नुसते बसलेले असते, म्हणजे तो वेळ वायाच जात असतो. ह्या पंधरा मिनिटांस 'शांतता' असे नाव देऊन ती भिंतीवरील तक्त्यात निळ्या शाईने दाखल करावी. एक स्वतंत्र वही घालून तीत तारीख, प्रारंभीचा ताण, अखेरचा ताण व पालकाची सही असे रकाने आखावेत. ज्या दिवशी बालक शांततेस गैरहजर राहील किंवा वेळेवर शांत होणार नाही, त्या दिवसाची बाकी रविवारी वसूल करावी.

कृती पहिली: पोटाने श्वास घेणे

बालकास सतरंजीवर उताणे निजवून त्याच्या पोटावर कापडी हत्ती अथवा तत्सम हलके खेळणे ठेवावे. श्वास घेताना हत्ती वर गेला पाहिजे आणि सोडताना खाली आला पाहिजे. छाती फुगवून घेतलेल्या उथळ श्वासाने हत्ती हलत नाही, म्हणून आपला श्वास कोठवर पोचतो हे बालकास आपोआप दिसते. तीन अंक मोजून श्वास घ्यावा व पाच अंक मोजून सोडावा. उच्छ्वास लांबला की मेंदूपासून हृदयापर्यंत उतरणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते, आणि म्हणून सारी मेहनत श्वास सोडण्यावर करावयाची असते.

येथवर कृती निर्धोक आहे; तिला खरे स्वरूप पालकाच्या उपस्थितीने येते. पालकाने उशाशी घड्याळ घेऊन उभे राहावे आणि 'सोड, सोड, अजून सोड, तीनलाच काय सोडलेस' अशा उत्तेजनपर शब्दांनी अंक मोजावेत. हत्ती घसरून पडल्यास बालके बहुधा हसू लागतात. हसण्यानेही उच्छ्वास लांबतो आणि अंग सैल पडते, हे खरे. परंतु तो प्रकार तक्त्यात नमूद नसल्यामुळे त्यास तत्काळ आळा घालून, शांततेचे गांभीर्य बालकाच्या मनावर बिंबवून, कृती पहिल्यापासून सुरू करावी.

कृती दुसरी: स्नायू आवळणे व सोडणे

ह्या कृतीचे जनकत्व शिकागोच्या एडमंड जेकबसन ह्या वैद्याकडे जाते. त्याने १९२९ साली ह्या विषयावर ग्रंथ लिहिला आणि असे प्रतिपादिले की, स्नायू आवळल्यावर कसा लागतो व सोडल्यावर कसा लागतो ह्यांतील भेद ज्यास ओळखता येऊ लागला, त्यास अंगातील ताण हुडकून तो सोडताही येऊ लागतो. बालकांसाठी हीच गोष्ट खेळाच्या रूपाने करतात: मुठीत लिंबू आहे असे समजून ते पिळावयाचे व मग टाकून द्यावयाचे, कासवाप्रमाणे खांदे कानांपर्यंत नेऊन मान आत ओढावयाची व मग बाहेर काढावयाची, नाकावर माशी बसली आहे असे मानून सगळा चेहरा आक्रसावयाचा व मग मोकळा सोडावयाचा.

अशा खेळात शैक्षणिक मूल्य नसल्याची तक्रार येऊ नये म्हणून दक्ष मातेने मूठ आवळलेली असतानाच लिंबात कोणते आम्ल असते, कोणते जीवनसत्त्व असते व त्याच्या अभावी कोणता रोग होतो हे विचारून घ्यावे, आणि समाधानकारक जाबजबाब झाल्यावरच मूठ उघडण्याची परवानगी द्यावी. जेकबसन आपल्या रुग्णांना महिनोन्‌महिने शिकवीत असे. आपली घटक चाचणी गुरुवारी आहे, एवढे बालकास समजावून सांगितले म्हणजे पुरे.

खांद्यांविषयी एक पोटकलम येथेच जोडतो. दप्तर पाठीवर असता खांदे कानांपर्यंत जात नाहीत, ही अडचण जुनी आहे. कादंबरीकार आर. के. नारायण ह्यांनी राज्यसभेतील आपले पहिलेच भाषण मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर केले. पुढे प्राध्यापक यशपाल ह्यांच्या समितीने १९९३ साली ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल सादर केला. आणि २०२० च्या शालेय दप्तरविषयक राष्ट्रीय धोरणाने दप्तराचे वजन बालकाच्या वजनाच्या १० टक्क्यांपलीकडे असू नये असे ठरविले. ह्या मर्यादेचे पालन करण्याचा सुलभ मार्ग असा की, दप्तरातील एकही व्यवसायमाला न काढता बालकासच साजूक तूप, केळी व शिरा ह्यांच्या योगे दप्तराच्या दसपट वजनाचे करावे.

कृती तिसरी: भ्रामरी व शवासन

स्वदेशी उपायांचे ज्यांना अगत्य आहे त्यांनी भ्रामरीकडे वळावे. ओठ मिटून, भुंग्यासारखा गुंजारव करीत श्वास सोडणे, एवढेच तिचे स्वरूप. गुंजारव चालू राहावा म्हणून उच्छ्वास आपोआप लांबतो आणि अंक मोजण्याची गरज उरत नाही. हठयोगप्रदीपिकेत भ्रामरी आहे, श्रम हरण करणारे व चित्तास विश्रांती देणारे म्हणून शवासनही आहे. आणि १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून अशा क्रियांची यंत्रांच्या साहाय्याने तपासणी करण्यास प्रारंभ केला, तेव्हापासून त्यांविषयी आधुनिक गृहस्थासही संकोच बाळगण्याचे कारण राहिलेले नाही.

भ्रामरी चालू असता तिचे चित्रीकरण करून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवावे. तेथून डोंबिवलीच्या आत्याचा आणि न्यू जर्सीच्या काकांचा अभिप्राय येतो. काकांचा मुलगा हेच इंग्रजीतून करतो असेही कळते. व भुंगा किंचित बेसूर आहे असे आजोबांचे मत पडल्यास गायनाच्या शिकवणीची तजवीज लगेच करता येते.

शवासनात मात्र एक धोका संभवतो, तो म्हणजे बालकास झोप लागणे. सहा ते बारा वर्षांच्या बालकास रोज नऊ ते बारा तास झोप हवी असे वैद्यकाचे मत आहे, आणि २०२४ साली महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेशही काढला. सुज्ञ पालकांनी त्या आदेशाचे स्वागत केले आणि सकाळी मोकळ्या झालेल्या वेळात वैदिक गणिताचा वर्ग लावला. शवासनात घोरणाऱ्या बालकास म्हणूनच हळुवार हलवून जागे करावे व 'तू झोपलास, तर विश्रांती कोण घेणार?' असे त्यास प्रेमाने विचारावे.

परीक्षेच्या दिवशीचा विशेष विधी

दहावीच्या पहिल्या पेपरास निघताना उमेदवाराच्या हातावर दही-साखर ठेवून कुटुंबातील सर्व प्रौढ व्यक्तींनी, ज्येष्ठतेच्या क्रमाने, 'टेन्शन घेऊ नकोस' हे वाक्य एकेकदा उच्चारावे. मावशीने ते फोनवरून उच्चारल्यास चालेल. केंद्राच्या फाटकापाशी पित्याने 'दीर्घ श्वास घे' असे रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगावे, आणि उमेदवार आत शिरता शिरता, 'आमचा सगळा भरवसा तुझ्यावर आहे' ह्या आश्वासनाने त्याची रवानगी करावी. कॅनन ह्यांनी वर्णिलेली यच्चयावत लक्षणे त्या क्षणी एकाच ठिकाणी पाहावयास मिळतात, हा ह्या विधीचा शास्त्रीय लाभ होय.

मूल्यमापन

शांतता किती आली हे मोजल्यावाचून ती आली असे म्हणता येत नाही. वीसपैकी गुण द्यावेत व सोळाच्या खाली गेल्यास कारण लेखी घ्यावे. सोसायटीतील पालकांनी संघटित होऊन वार्षिक शवासन स्पर्धा भरवाव्यात. सर्वांत अगोदर निश्चल होणाऱ्यास ढाल, आणि हरल्यामुळे रडणाऱ्यांस उत्तेजनार्थ बक्षीस व पोटाने श्वास घेण्याचा जादा तास द्यावा.

कृती चौथी: अव्यवहार्य म्हणून वगळलेली

माँटेसरी पद्धतीत शांततेचा एक खेळ आहे. मुले स्वखुशीने स्तब्ध बसतात, खोलीतील व खोलीबाहेरील बारीकसारीक आवाज ऐकतात. मग शिक्षिका दूर जाऊन एकेकाचे नाव कुजबुजत्या स्वरात पुकारते, आणि ज्याचे नाव आले ते मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. तीच पद्धत ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीस नेऊन गरिबांच्या अंगणाजोगती केली. पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघांनी गुरे वळणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली, कारण मुलाला शाळेच्या वेळेत बसविण्याऐवजी शाळेनेच मुलाच्या दिवसात बसावे असे त्यांना वाटत होते. हा खेळ प्रस्तुत मार्गदर्शिकेत समाविष्ट करता आला नाही. त्यात पालकास कुजबुजावे लागते, आणि नाव पुकारल्यानंतर पुढे काहीही विचारावयाचे नसते.

विनापरवाना उपायांविषयी

काही बालके वरील कृतींस न जुमानता परस्पर ताण घालवितात, असे आढळून येते. ती अंगणात अर्धा तास विनाकारण धावतात. पालथी पडून वहीच्या मागील पानावर आगगाडी काढतात. अथवा आजीच्या मांडीवर डोके ठेवून शाळेत झालेला अपमान तिला सांगतात, आणि आजी 'मग तू काय केलेस?' एवढेही न विचारता त्यांच्या पाठीवरून हात फिरवीत राहते. ह्या उपायांना फी नाही, प्रमाणपत्र नाही, तक्त्यात रकाना नाही. त्यांचा गुण येतो एवढ्याच सबबीवर त्यांना मान्यता देता येणार नाही. मात्र पोटदुखी, झोपमोड, अन्नावरील वासना उडणे किंवा शाळेच्या नावाने रडणे आठवड्यांमागून आठवडे चालू राहिले, तर मार्गदर्शिका मिटून ठेवावी आणि मुलास डॉक्टरांकडे अथवा समुपदेशकाकडे न्यावे. हे कलम विनोदाचे नाही.

अखेरची सूचना

ह्या सर्व कृती पालकाने प्रथम एक महिनाभर स्वतःवर कराव्यात. बालकाने त्या नुसत्या पाहाव्यात, किंवा पाहूही नयेत. हत्ती पालकाच्या पोटावर ठेवावा, लिंबू पालकाने पिळावे, गुणपत्रक हाती पडल्यावर बोलण्यापूर्वी पाच अंकांचा उच्छ्वास पालकाने सोडावा. महिन्याअखेर बालकाचा ताण उतरलेला आढळल्यास वरील वही व तक्ता रद्दीत घालावा. न आढळल्यास पालकाने आणखी एक महिना घ्यावा.