तंजावरच्या कुळाचे गाव

कोयनानगरच्या मनुष्याने प्रेक्षणीय स्थळे पाहण्याकरिता परमुलखात जावे, ही गोष्ट आमच्याकडे किंचित कृतघ्नपणाची समजली जाते. ज्या गावाच्या माथ्यावर 103 मीटर उंचीचे धरण उभे आहे, ज्या धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी वर्तमानपत्रात येताच पुण्या-मुंबईची सुखवस्तू मंडळी भर पावसात मोटारी हाकीत, पाणी वरून खाली पडते हे निसर्गाचे जुनेच सत्य सहकुटुंब पडताळून पाहण्यासाठी येतात, आणि ज्याच्या नावाचा 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप देशोदेशींच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथांत आदराने नोंदवून ठेवला आहे, त्या गावच्या रहिवाशास आणखी पाहावयाचे ते काय उरले? तरीही आम्ही डेन्मार्क पाहण्यास गेलो. आम्ही म्हणजे मी, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे शेजारी ओव्हरसियरसाहेब, ज्यांची नोकरी संपली असली तरी तपासणी संपलेली नाही.

डेन्मार्कविषयी आम्हा दोघांचे ज्ञान भिन्न उगमांतून आले होते. कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते, आणि त्याच कऱ्हाडजवळच्या टेंभू गावच्या गोपाळ गणेश आगरकरांनी शेक्सपियरचे ‘हॅम्लेट’ 1883 साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. सबब डेन्मार्कचा तो संशयग्रस्त राजपुत्र एका अर्थी आमच्याच खोऱ्यातला, असे माझे मत. ओव्हरसियरसाहेबांचे डेन्मार्क म्हणजे लार्सन आणि टुब्रो. ज्या देशाच्या दोन अभियंत्यांनी हिंदुस्थानात येऊन 1938 साली मुंबईत एवढी मोठी कंपनी उभारली, त्या देशाचा राजपुत्र कामधाम टाकून बापाच्या भुताशी बोलत तटावर हिंडत असेल, हे त्यांच्या बुद्धीस कदापि पटत नसे. वादाचा निकाल प्रत्यक्ष पाहणीने लावावा असे ठरले. परंतु कोपनहेगनचे भाडे आमच्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्यापलीकडचे होते. तेव्हा मद्रासेच्या दक्षिणेस, कारैकालच्या अलीकडे, तरंगमबाडी नावाचे डॅनिश गाव समुद्रकाठी आहे, आणि ते जुन्या तंजावर मुलखात, म्हणजे आमच्या भोसल्यांच्या राज्यात मोडत होते, हा शोध आम्हांस दैवी योजनेसारखा वाटला.

मयिलादुतुरै स्थानकापासून बसने जाताना दुतर्फा भातशेती, नारळ आणि देवळांची गोपुरे एवढेच दिसते. डेन्मार्कची चाहूल कोठेही लागत नाही. मग एकाएकी 1792 साली बांधलेली शुभ्र वेस समोर उभी राहते, आणि तिच्यातून आत शिरताच रस्ता असा निर्मनुष्य, सरळ आणि शिस्तीचा होतो की मनुष्याने आपोआप सदऱ्याची गुंडी लावावी. या रस्त्यास किंग्ज स्ट्रीट म्हणतात. राजा अर्थातच तेथे कधी आला नाही. तो कोपनहेगनात बसून हुकूम पाठवीत असे.

ओव्हरसियरसाहेबांनी मात्र वेशीतच पाय रोवले. उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा पाहून ते म्हणाले, “भाऊसाहेब, ही तर प्रोजेक्टची कॉलनी!”

त्यांचे निदान अचूक होते. किल्ल्यासमोर मोठ्या साहेबांचा, म्हणजे गव्हर्नराचा बंगला. रस्त्याकडेने खालच्या साहेबांची घरे. साहेबांसाठी 1701 सालचे झायन चर्च. आणि कोळीवाडा कोटाबाहेर. दूरच्या सरकारने एका कामापुरते गाव वसवावे, बदलीवर माणसे पाठवावीत, त्यांनी मूळ गावची आठवण काढीत हवामानाला नावे ठेवावीत आणि काम संपल्यावर क्वार्टरे ओस पडावीत, हा क्रम कोयनानगरच्या मनुष्यास कोणी समजावून सांगावा लागत नाही.

किल्ल्याचे नाव डान्सबोर्ग. डेन्मार्कच्या राजाने 1618 साली ओव्हे गेड्डे नावाच्या तरुण दर्यासारंगास जहाजे देऊन लंकेकडे पाठविले होते. लंकेत काही जमले नाही, तेव्हा 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी तहनामा करून सालाना खंडणीच्या बोलीवर त्याने ही किनारपट्टी पदरात पाडून घेतली. नायकाने डेन्मार्कच्या राजास धाडलेले सोन्याच्या पत्र्यावरील पत्र कोपनहेगनच्या दफ्तरखान्यात आजही आहे. हॅम्लेटचा म्हणून दाखविला जाणारा क्रोनबोर्ग सोडला तर डेन लोकांनी बांधलेल्या किल्ल्यांत हाच मोठा, असे सांगतात, आणि माझी सारी भिस्त या वाक्यावर होती. पण ज्या तटावर मध्यरात्री पित्याचे भूत फिरावे त्या तटावर भर दुपारी एक मुलगा पतंग उडवीत होता आणि तटाखाली महाविद्यालयीन युगुले छायाचित्रे काढून घेत होती. ओव्हरसियरसाहेबांनी भिंतीवर टिचक्या मारून लोणा कोठे लागला आहे, गिलावा कोणत्या काळातला आहे आणि कमानीचे काम किती सचोटीचे आहे, यांचा तोंडी पंचनामा केला. समुद्राकडच्या दगडी पिचिंगवर मात्र त्यांनी जो अभिप्राय दिला तो छापण्याजोगा नाही.

आत संग्रहालय आहे. तेथे आम्हांस या गावाचा खरा नायक भेटला, आणि हॅम्लेट माझ्या मनातून कायमचा उतरला. सतराव्या शतकाच्या मध्यास मायदेशी युद्धे आणि दिवाळखोरी माजल्यामुळे डेन्मार्कहून तरंगमबाडीस सुमारे पाव शतक एकही जहाज आले नाही. पगार नाही, पत्र नाही, बदलीचा हुकूम नाही, आणि खुद्द कंपनी 1650 साली मोडीत निघालेली. एकेक साहेब तापाने किंवा वयाने निवर्तत गेला आणि 1655 पासून संपूर्ण डॅनिश हिंदुस्थानात एस्किल आन्डर्सन कोंग्सबाके नावाचा एकच डेन शिल्लक उरला. हा गृहस्थ सामान्य कुळातला, लिहिणे-वाचणे न येणारा. पण निशाण खाली उतरविण्याचा लेखी हुकूम आलेला नाही, आणि आला असता तरी आपल्याला तो वाचता आला नसता, अशा दुहेरी बळावर त्याने किल्ला चौदा वर्षे राखला. खर्चाकरिता बंगालच्या उपसागरात परक्यांची गलबते धरली, नायकाच्या फौजा परतविल्या, गावाभोवती कोट घातला. अखेर 1669 साली ‘फेरो’ नावाचे जहाज आले, आणि त्याचा गव्हर्नरीचा हुद्दा रीतसर मंजूर झाला. “म्हणजे चौदा वर्षांनी कायम झाला,” ओव्हरसियरसाहेब गहिवरून म्हणाले. ते स्वतः रोजंदारीवर लागले होते. संग्रहालयातील पहारेकऱ्याला वाटले, कोणी आप्त वारला असावा.

आता आमच्या मालकीचा प्रश्न. व्यंकोजीराजांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतले तेव्हा गादीबरोबर तिची येणीही त्यांच्याकडे आली, आणि अशा रीतीने डेन्मार्कचा राजा भोसल्यांचे कूळ झाला. हा विचार मनात येताच आमची चाल बदलली. किंग्ज स्ट्रीटवरून आम्ही प्रवाशासारखे नव्हे, तर बऱ्याच वर्षांनी आपले घर तपासण्यास आलेल्या मालकासारखे चालू लागलो. मालक-कुळाचे संबंध नेहमीप्रमाणेच होते: 1699 साली तंजावरच्या फौजेने गावास वेढा घातला आणि कुळाच्या मदतीस मद्रासचे इंग्रज धावले. पुढे कुळाकडच्या माणसाने मालकाच्या मुलास शिकविले. 1750 साली तरंगमबाडीच्या मिशनात आलेला श्वार्ट्‌झ हा जर्मन पाद्री सरफोजीराजांचा गुरू झाला, आणि राजांनी त्याचे संगमरवरी स्मारक लंडनच्या फ्लॅक्समनकडून घडवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले.

या मिशनचा आद्य पुरुष त्सीगेनबाल्ग. तो 1706 साली राजाच्या फर्मानाने येथे उतरला आणि 1708 साली त्याच राजाच्या गव्हर्नराने त्यास चार महिने तुरुंगात ठेवले. एका सरकारच्या दोन खात्यांत सामंजस्य नसणे ही आजकालची विकृती नव्हे. त्याने तामिळ छापखाना घातला. जर्मनीत पाडलेले खिळे इतके मोठे निघाले की कागद पुरेना, तेव्हा चीजच्या डब्यांच्या शिशाच्या झाकणांतून लहान खिळे पाडले, अशी हकीकत सांगतात. 1718 साली त्याने बांधलेले न्यू जेरुसलेम चर्च आजही वापरात आहे. पुढच्याच वर्षी तो वारला आणि त्यातच पुरला गेला.

सातबारा मात्र आमच्या नावे राहिला नाही. सरफोजीराजांनी 1799 च्या तहात मुलखाचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला, आणि 1845 साली डेन लोकांनी तरंगमबाडी, बंगालातील श्रीरामपूर (नगर जिल्ह्यातील ऊस पिकविणारे नव्हे) आणि बालेश्वरची वखार साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांस विकून टाकली. कुळाने मालकाची जमीन तिऱ्हाइतास विकली, आणि तंजावरच्या गादीवर बसलेल्या मालकास त्यातला छदामही मिळाला नाही! कूळकायद्यात अनेक चमत्कार आम्ही पाहिले आहेत. हा त्यांत नाही.

डॅनिश जेवणाची चौकशी आम्ही एका खाणावळीत केली. मालकाने प्रश्न शांतपणे ऐकून घेतला व इडल्या वाढल्या. इडल्या उत्तम होत्या.

संध्याकाळी किनाऱ्यावरील मासिलामणिनाथाचे देऊळ पाहिले. पांड्य राजाच्या अमदानीत 1306 साली बांधलेल्या या देवळाचा बराच भाग समुद्राने गिळला आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत सारे गाव झोडपून निघाले, तेव्हाही ते उभे राहिले. ओव्हरसियरसाहेबांनी येथे टिचकी मारली नाही. ज्यांच्या वाडवडिलांची देवळे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहेत असे धरणग्रस्त त्यांच्या आजोळी पुष्कळ आहेत.

डेन लोक अलीकडे परत येतात, पण पैसे देण्यासाठी. किल्ल्याची डागडुजी, गव्हर्नराच्या बंगल्याचा जीर्णोद्धार यांत डेन्मार्कच्या हौशी मंडळींचा आणि तेथील राष्ट्रीय संग्रहालयाचा हात आहे. गाव सोडून दीडशेहून अधिक वर्षे झाल्यावर कुळाने घराची दुरुस्ती करून द्यावी, असा दाखला आमच्या पाटण तालुक्याच्या दफ्तरात सापडणार नाही.

ज्यांना जावयाचे असेल त्यांनी जरूर जावे. एक दिवस पुरतो, दोन दिवस राहिल्यास वारा फुकट मिळतो. मात्र कोयनेचा पाऊस संपल्याच्या आनंदात ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघू नये. त्या किनाऱ्यावर पाऊस त्याच महिन्यांत पडतो, आणि आमच्याकडच्या छत्र्या तेथील वाऱ्यापुढे टिकत नाहीत. जानेवारी उत्तम.