डिस्क गेलेली नाही, फॉरमॅट मारू नका

सदाशिव पेठेत माझ्या एका मित्राचा लहानसा छापखाना आहे. गेल्या महिन्यात त्याच्या जुन्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला. नवं मशीन आलं, जुनी हार्ड डिस्क त्यात जोडली आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: नो बूटेबल डिव्हाइस. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत निकाल दिला. "डिस्क गेली, साहेब. फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो."

डिस्क गेलेली नव्हती. ती फिरत होती, वाचता येत होती. वीस वर्षांचे दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रहांची जुळणी, सगळं तिच्यावर होतं. मित्र "मारा" म्हणणारच होता. मी डिस्क उचलून घरी आणली. त्या दुरुस्तीवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, कारण न तपासता असं सांगणारा तो एकटा नाही.

बिघाड काय होता? काहीच नाही. जुना कॉम्प्युटर सुरू होताना डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइट्सकडे बघायचा. त्यात ४४६ बाइट्स सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, ६४ बाइट्स चार पार्टिशनच्या तक्त्याचे आणि शेवटचे दोन ओळखीच्या खुणेचे. तक्त्याची ही पद्धत १९८३च्या डॉस २.० पासूनची. नव्या मशीनमधलं यूईएफआय, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर, तिकडे बघतच नाही. ते एका छोट्या वेगळ्या पार्टिशनमधली ईएफआय फाइल शोधतं. जुन्या डिस्कवर ती नसते. मध्यंतरी दोघांमध्ये दुभाष्या होता, सीएसएम. सेटिंगमध्ये तो चालू केला की जुनी डिस्क मुकाट सुरू व्हायची. २०२० पर्यंत हा आधार काढून टाकणार, असं इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं. आता अनेक नव्या बोर्डांवर तो पर्यायच दिसत नाही. डिस्क आणि मशीन दोन्ही धडधाकट, बोली तेवढी वेगळी.

"मग फायली कॉपी करून घ्या," असं सांगणारे भेटतात. मराठी छापखान्यात हे पुरत नाही. श्री-लिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. कन्व्हर्टर आहेत, पण रफार आणि जोडाक्षरं ओळीओळीने तपासावी लागतात. पानं पेजमेकरमध्ये लावलेली, आणि त्याची शेवटची आवृत्ती २००१ची. त्या फायली जशाच्या तशा उघडायच्या तर ते जुनं विंडोज, तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर एकत्र जागं करावं लागतं. म्हणून डिस्क बूट होणं महत्त्वाचं.

विंडोज १० ची ६४ बिट डिस्क असती तर काम सोपं होतं. मायक्रोसॉफ्टचं एमबीआरटूजीपीटी हे साधन २०१७ पासून विंडोजमध्येच आहे. ते डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलतं. आमच्या डिस्कवर विंडोज एक्सपी होतं आणि ३२ बिटचं एक्सपी यूईएफआयवर सुरूच होत नाही. तेव्हा आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं, डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत, काढली आणि मूळ डिस्क कपाटात ठेवून दिली. मग ती प्रतिमा व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लावली. तिथे जुन्या धाटणीचं बायोस मिळतं. पहिल्यांदा निळा पडदा आला, शेवटी ७बी असलेला. एक्सपीकडे एएचसीआय या नव्या डिस्क-जोडणीचा ड्रायव्हर नसतो. आभासी मशीनचा डिस्क कंट्रोलर जुन्या पद्धतीचा आयडीई केला आणि एक्सपीची हिरवी टेकडी, निळं आभाळ समोर आलं. परवाना पुन्हा पडताळावा लागला, श्री-लिपीचं यूएसबी डाँगल आत जोडून द्यावं लागलं. (पॅरलल पोर्टचं डाँगल असतं तर फार अडलं असतं.) २००६चा दिवाळी अंक उघडला, एकही वेलांटी न हलता.

या सगळ्याला एक रात्र आणि एक सकाळ लागली. खर्च आला फक्त जोडणीच्या केबलचा.

तुमच्या घरी, प्रेसमध्ये, शाळेच्या कार्यालयात अशी डिस्क असेल तर एवढं करा. ती नव्या मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडा. विंडोज "इनिशिअलाइझ" किंवा "फॉरमॅट" विचारेल तेव्हा नाही म्हणा. आधी प्रत काढा, प्रयोग प्रतीवरच करा. आणि दुकानात कुणी "डिस्क गेली" म्हणालं तर दुसऱ्या मशीनवर ती वाचून दाखवायला सांगा. तोवर पैसेही देऊ नका आणि डिस्कही सोडू नका.