आठ पायांचे घरकुल

कोळ्याला घर बांधून द्यायचे ही कल्पनाच मुळात आगाऊपणाची. जो प्राणी पोटातून सूत काढून स्वतःच्या खोलीला अस्तर लावतो, त्याला माणूस काय गवंडीकाम शिकवणार? तरीही युरोप-अमेरिकेत कितीतरी हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी ड्रिल घेऊन हेच करत बसलेली असतात. आणि गंमत म्हणजे त्यांचे काही भाडेकरू मूळचे आपल्या मुलखातले! पोसिलोथेरिया हे झाडावर राहणाऱ्या टॅरंटुला कोळ्यांचे कूळ जगात फक्त भारतात आणि श्रीलंकेत सापडते. त्यातला रेगालिस आपल्या सह्याद्रीतही आहे. पाय पसरले की जवळजवळ वीतभर, अंगावर करडी नक्षी, आणि चिडला की पुढचे पाय उचलून त्यांच्या खालचा पिवळाधमक रंग दाखवतो. ती नोटीस समजावी.

आता समजा, मुरबाडच्या एखाद्या पोराच्या डोक्यात हे खूळ शिरले. जमिनीवर राहणाऱ्या कोळ्याला पसरट खोके लागते. झाडावरच्याला लांबी-रुंदीपेक्षा उंची जास्त हवी. म्हणजे किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांची असते तसली उंच, पारदर्शक बरणी उत्तम. पोते शिवायचा दाभण चुलीत लाल करायचा आणि बरणीला टेकवायचा. चर्र आवाज, नाकात जाणारा धूर, आणि भोकाभोवती प्लास्टिकची इवलीशी कड उठते. ती कड कानशीने घासून काढायची. भोके समोरासमोरच्या बाजूंना पाडायची, म्हणजे हवा आरपार खेळते. नाहीतर आत बुरशी धरते. तारेची जाळी मात्र नको, तिच्यात कोळ्याची नखे अडकतात.

दार कुठे ठेवायचे, हा खरा वास्तुशास्त्राचा प्रश्न. हा प्राणी वरच्या अंगाला जाळे विणतो. वरचे झाकण उघडले की त्याच्या दिवाणखान्याचे छप्परच उडते आणि मालक थेट हातावर येतो. हौशी लोक म्हणतात, तो पळत नाही, इथून नाहीसा होतो आणि तिथे दिसतो. म्हणून दार समोरून.

आत सालीचा एक उभा तुकडा तिरपा टेकवायचा, मागे सांदीला जागा ठेवून. परदेशात यासाठी पोर्तुगालच्या ओक झाडाची साल विकत आणतात, तीच जिची बाटल्यांसाठी बुचे करतात. भारतातल्या कोळ्याला पोर्तुगालची भिंत! गोव्यानंतर हा दुसरा प्रयोग म्हणायचा. शहापूर-मुरबाडकडे ऐनाची मगरीच्या पाठीसारखी तडकलेली साल सरपणाच्या मोळीतच मिळते. दमटपणा मोजायला तिकडे यंत्र लावतात, पिचकारीने पाणी शिंपडतात. इकडे जुलैत माळशेजच्या पायथ्याला काडेपेटी पेटत नाही आणि दोरीवरचा टॉवेल चार दिवस ओलाच असतो. पिचकारी कसली मारता?

हे सगळे ओसरीवर चाललेले पाहून आजी एवढेच म्हणेल, "आपल्या घरकुलाचा हप्ता अजून आला नाय, आन् ह्याला आधी बंगला?"

आजीपेक्षा कडक हरकत कायद्याची आहे. २०१९ साली पोसिलोथेरियाचे सगळे कूळच वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले, म्हणजे परवान्याशिवाय त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने आपल्या वन्यजीव कायद्यातही सायटिसच्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दात राहतातच. युरोपातल्या वैद्यकांनी २०१४ साली या कोळ्यांच्या दंशांचा आढावा घेतला, त्यात स्नायूंत गोळे येण्याचा त्रास ठळकपणे नोंदलेला आहे. तो कित्येक दिवस टिकू शकतो. चावून घेणारे बहुतेक कोण? पाळणारेच. रानात हा प्राणी माणूस जवळ आला की सालीमागे सटकतो. बरणीत सटकायला जागा किती?

या कुळाचे आणि माणसाच्या सामानाचे नाते मात्र जुने आहे. १८९९ साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने निळ्याशार मेटॅलिका जातीचे वर्णन केले ते एकाच नमुन्यावरून, आणि तो मिळाला होता आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकूडवखारीत. नंतर शंभर वर्षे ती जात कोणाला दिसेना. २००१ च्या सुमारास सापडली ती नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात. म्हणजे गुत्तीची बाई बहुधा ओंडक्यात बसून विनातिकीट आली होती. कसारा लोकलला रोज लोंबकळणाऱ्यांनी हेवा करावा असा प्रवास. आज ही जात अतिसंकटग्रस्त आहे, कारण तिची जंगले तुटली. कोणाच्या बरणीत ती जन्मते, वाढते, पण तिथून ढोलीत परत जायची वाट कोणी बांधलेली नाही.

ढोली म्हणजे काय चीज असते, ते तानसाच्या रानातल्या एखाद्या म्हाताऱ्या झाडापाशी वाकून बघावे. फांदी मोडून पडलेल्या जागी लाकूड कुजून पोकळी झालेली, तोंड अरुंद, आत भुसा. बाहेर पाऊस आणि वैशाखाचे ऊन, आत दोन्हींचा पत्ता नाही. अशा एका पोकळीत पोसिलोथेरियाची आई पिलांसकट राहते. खायला झुरळे आणि रातकिडे चालत दारी येतात. ड्रिल घेऊन बसलेला हौशी माणूस याचीच नक्कल करत असतो, आणि हुबेहूब काही जमत नाही.

तेव्हा मुरबाडच्या पोराने भाडेकरू आणायचा बेत सोडून दिला, तर फक्त बरणी उरेल. भोकाभोकाची. लोणचे भरता येणार नाही म्हणून आजी दोन दिवस घर डोक्यावर घेईल. तिसऱ्या दिवशी तीच त्या बरणीत लसूण भरून ठेवील आणि शेजारणीला सांगेल, हवा लागते, मोड येत नाय.