आगाऊ कळवून जाऊ नका

प्रौढ मतिमंदांच्या निवासी संस्थेची तपासणी ठरली की आधी फोन जातो: गुरुवारी अकराला येतोय. बुधवारी फिनेलचा वास सुटतो. कपाटातल्या चादरी बाहेर निघतात. कपडे बदलले की बिथरणाऱ्यांनाही नवे शर्ट चढवले जातात. गुरुवारी साहेब येतात, कार्यालयात बसतात, चहा होतो, नोंदवह्या टेबलावर येतात. नोंदणी प्रमाणपत्राची मुदत, अग्निशमन यंत्रावरची तारीख, हजेरीपट, धान्याचा साठा, सगळं बघून होतं. मग इमारतीतून एक फेरी. चाळिशी-पन्नाशीची माणसं रांगेत बसून नमस्ते म्हणतात. भेटपुस्तिकेत शेरा पडतो: स्वच्छता समाधानकारक.

ही तपासणी नव्हे. साहेबांनी कागद पाहिले आणि इमारत पाहिली. तिथं राहणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे त्यांनी पाहिलंच नाही.

अशा तपासणीचं नुकसान चांगल्या संस्थांनाही होतं. आपल्या राज्यात कितीतरी संस्था पालकांनी स्वतः उभ्या केल्या, 'आपल्यामागे याचं कोण' या एका प्रश्नापायी. बदलापूरची 'आधार' ही त्यांपैकीच एक. जीव ओतून काम करणाऱ्या संस्थेला जो शेरा मिळतो, तोच शेरा मारहाण चालणाऱ्या संस्थेलाही मिळत असेल, तर आपल्या मुलाला कुठं ठेवायचं हे पालकांनी ठरवायचं कशावरून?

कोणी म्हणेल, यंत्रणा मजबूत करा, माणसं वाढवा, गुणांकन आणा, म्हणजे सुधारेल. इंग्लंडने हे सगळं करून पाहिलं आहे. तिथला अनुभव आपल्या अधिकाऱ्यांनी पाठ करावा असा आहे.

ब्रिस्टलजवळ विंटरबोर्न व्ह्यू नावाचं एक खासगी रुग्णालय होतं. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या प्रौढांसाठी २४ खाटा. एका माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी पैसा जायचा. पैसा कमी पडला, असं तिथं कोणालाच म्हणता येणार नाही. तिथल्या एका वरिष्ठ परिचारकाने २०१० मध्ये व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार केली आणि 'केअर क्वालिटी कमिशन' या राष्ट्रीय तपासणी यंत्रणेलाही कळवलं. कमिशनने दखल घेतली नाही. शेवटी बीबीसीचा एक वार्ताहर कर्मचारी म्हणून आत शिरला, छुपा कॅमेरा घेऊन पाच आठवडे तिथं राबला आणि ३१ मे २०११ रोजी देशाने ते चित्रण पाहिलं. माणसांना जमिनीवर दाबून ठेवलं जात होतं, थपडा मारल्या जात होत्या, अंगावर कपडे असताना गार पाण्याखाली ढकललं जात होतं. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा जण तुरुंगात गेले, रुग्णालय बंद झालं.

नंतरच्या चौकशीत जे निघालं ते मला त्या चित्रणाइतकंच भयंकर वाटतं. २०१० या एका वर्षात माणसांना बळाने आवरल्याच्या ३७९ नोंदी तिथल्याच कागदांवर होत्या. तीन-साडेतीन वर्षांत तिथले लोक सत्तरहून अधिक वेळा इस्पितळाच्या अपघात विभागात पोचले होते. पोलिसांकडे घटनांची नोंद होती, स्थानिक कौन्सिलकडे तक्रारी होत्या. म्हणजे माहिती सगळी होती. इस्पितळात, पोलीस ठाण्यात, कौन्सिलच्या कार्यालयात तुकड्या-तुकड्यांनी पडून होती. हे तुकडे एकत्र करून वाचणं ज्यांचं काम होतं, त्यांनी ते वाचले नाहीत.

एवढं झाल्यावर तिथली तपासणी बदलली, गुणांकन आलं. आणि २०१९ च्या मे महिन्यात बीबीसीला तसंच छुपं चित्रण पुन्हा दाखवावं लागलं. या वेळी डरहॅम परगण्यातलं व्हॉर्लटन हॉल. २०१७ मध्ये त्याला 'चांगलं' असा अधिकृत शेरा मिळाला होता. बीबीसीने सांगितलं की चित्रण बाहेर येण्याआधीच्या वर्षभरात सरकारी यंत्रणांच्या लोकांनी तिथं किमान शंभर भेटी दिल्या होत्या. शंभर भेटी! आणि तिथलेच कर्मचारी त्या माणसांना चिडवत होते, धमकावत होते, कोणाला कशाची भीती वाटते हे ठाऊक करून घेऊन नेमकं तेच करत होते. कमिशनच्याच एका तपासनिसाने २०१५ मध्ये या जागेबद्दल चिंता व्यक्त करणारा अहवाल लिहिला होता. वरिष्ठांनी तो प्रसिद्धच केला नव्हता.

दोन्ही वेळा सत्य बाहेर काढलं ते तिथल्या माणसांसोबत आठवडेच्या आठवडे राहिलेल्या वार्ताहराने. दोन तासांसाठी आलेल्या, दारात ओळखपत्र दाखवून आत शिरलेल्या पाहुण्याला ते दिसलं नाही. मुळात ब्रिटनमध्ये ही तपासणी सुरू झाली तीही अशीच. कार्डिफच्या ईली रुग्णालयातल्या एका साध्या परिचर्या-मदतनिसाने केलेले आरोप १९६७ मध्ये वृत्तपत्रात छापून आले, चौकशी झाली, १९६९ मध्ये अहवाल आला आणि त्यानंतर रुग्णालयं तपासणारी पहिली सल्लागार यंत्रणा उभी राहिली. आतल्या माणसाने तोंड उघडलं म्हणून तपासनीस जन्माला आला. त्याने आतल्या माणसांचंच ऐकणं सोडून दिलं, तर त्याचं काम उरतंच काय?

आपल्याकडेही फार मागे जावं लागत नाही. २०१० मध्ये शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या मतिमंद बालगृहातल्या उपासमारीच्या आणि अत्याचाराच्या बातम्या आल्या, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पाठोपाठ २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या अशाच एका बालगृहातलं प्रकरण उघडकीला आलं. या जागा काही जंगलात लपलेल्या नव्हत्या. सरकारला त्यांचे पत्ते ठाऊक होते.

मग बघायचं काय? मी सांगते.

संध्याकाळी सातनंतर जा. जेवण किती वाजता झालं ते विचारा. दिवसपाळीच्या मावशींना घरी जायचं म्हणून सहालाच ताटं वाढून साडेसहाला सगळ्यांना गाद्यांवर झोपवलं जात असेल, तर सकाळच्या नाश्त्यापर्यंत तेरा-चौदा तास ही माणसं उपाशी आहेत. रात्री किती माणसांमागे किती काळजीवाहक जागे असतात ते मोजा. हजेरीपटावरून नाही, डोक्यांवरून. रात्री फिट आली तर कळणार कोणाला? बौद्धिक अक्षमता असलेल्यांत अपस्माराचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. फिट्सची वही आहे का आणि त्यातल्या नोंदी रात्रीच्याही आहेत का, बघा.

पायांची नखं बघा. दात बघा. ज्याला सांगता येत नाही त्याचा किडलेला दात महिनोन्महिने ठणकतो. तो डोकं भिंतीवर आपटतो, आणि वहीत नोंद होते 'आक्रमक वर्तन'. मग औषध वाढतं. इंग्लंडमध्ये २०१५ मध्ये सरकारी आरोग्य यंत्रणेने अंदाज काढला होता की तीस ते पस्तीस हजार बौद्धिक अक्षम प्रौढ मनावर परिणाम करणारी औषधं रोज घेत आहेत आणि त्यांना त्यासाठीचा कोणताही आजार नाही. मन सुन्न करून माणूस शांत ठेवायचा, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून गोळ्यांचा तक्ता मागा, प्रत्येक गोळीपुढे कारण मागा, ती कोणी आणि कधी लिहून दिली ते मागा. दुपारी बारा वाजता दहा माणसं भिंतीला टेकून पेंगत असतील, तर त्या खोलीला 'शांत वातावरण' असा शेरा देऊ नका.

वजनाची नोंद बघा, आणि एकाचं वजन तिथंच करून ती ताडून बघा. ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांना भात मऊ करून देतात का, बसवून भरवतात का, की आडवं असतानाच घास कोंबतात, हे जेवणाच्या वेळी समोर बसल्याशिवाय कळत नाही. बद्धकोष्ठतेबद्दल विचारा. ऐकायला क्षुल्लक वाटतं. या माणसांचा त्याने जीवही गेलेला आहे. इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या मृत्यूंचा पद्धतशीर आढावा घेतला जातो. ही माणसं इतरांपेक्षा साधारण वीस वर्षं आधी मरतात, आणि त्यांतले पुष्कळ मृत्यू वेळेवर उपचाराने टळण्यासारखे असतात, असं तो आढावा सांगतो.

स्नानगृहाला आतून कडी आहे का? बायकांना आंघोळ कोण घालतं? पाळी आल्यावर कापड की पॅड, आणि बदलतं कोण? अंतर्वस्त्रं प्रत्येकीची वेगळी आहेत की धुतलेल्या ढिगातून हाताला येईल ते चढवतात? हे विचारायला ज्या अधिकाऱ्याला संकोच वाटतो, त्याने सोबत महिला अधिकारी न्यावी. संकोचापायी प्रश्न गाळू नयेत.

आणि मग बसा. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे, आणि हेच कोणी करत नाही. इंग्लंडच्या त्या कमिशनने ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या साथीने एक निरीक्षणपद्धत बनवली, खास ज्यांना स्वतःचा अनुभव शब्दांत सांगता येत नाही त्यांच्यासाठी. तपासनीस खोलीच्या कोपऱ्यात शांत बसतो, चार-पाच जणांवर लक्ष ठेवतो आणि दर पाच मिनिटांनी लिहितो: हा खुश आहे का, उदास आहे का, कशात गुंतला आहे का, कोणी त्याच्याशी बोललं का, बोललं तर कसं. बस, इतकंच. याला यंत्र लागत नाही, निविदा लागत नाही. एक वही, एक खुर्ची आणि तासभर वेळ लागतो. काळजीवाहक जवळून गेला की कोण मान आत ओढून घेतं आणि कोण हात पुढे करतं, हे त्या तासात दिसतं. शंभर पानी अहवालाला जे सांगता येत नाही ते ती आखडलेली मान सांगते.

त्याच यंत्रणेत आणखी एक चांगली गोष्ट आहे. ज्यांनी स्वतः अशा सेवा घेतल्या, अशी माणसं तपासणीच्या पथकात घेतात. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती तपासनीस म्हणून जाते आणि आतल्या लोकांशी बोलते. आपल्याकडे हे ऐकलं की लोक हसतात. हसू नका. कोणत्या संस्थेत आपल्याला राहावंसं वाटेल हे त्या माणसाला आपल्यापेक्षा लवकर कळतं.

आता कायद्याकडे येऊ. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर बाल न्याय कायदा तपासणी समितीला बजावतो: प्रत्येक बालगृहाला तीन महिन्यांतून किमान एकदा भेट, पथकात किमान तिघं, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. अठरावा वाढदिवस झाला की हे कवच गळून पडतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संस्थेची नोंदणी आहे, नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे. पण दर तीन महिन्यांच्या सक्तीच्या भेटीचं कलम नाही. त्या माणसाची समज वाढदिवसाच्या रात्रीत वाढत नाही. स्वतःच्या हाताने जेवता न येणारा सतरा वर्षांचा मुलगा अठराव्या वर्षीही तसाच असतो, आणि बहुतेकदा त्याच चार भिंतींत असतो. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते अठरा वर्षांवरच्या बेवारस दिव्यांगांसाठी वेगळा कायदा करा असं कितीतरी वर्षं सांगत आहेत. पद्मश्री दिली, टाळ्या वाजवल्या. आता त्यांचं म्हणणंही ऐका.

नवा कायदा येईपर्यंत हातात काहीच नाही, असंही नाही. याच २०१६ च्या कायद्याचं सातवं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होतोय असं ज्याला कोणाला वाटतं, तो कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतो आणि दंडाधिकाऱ्याने तातडीने पावलं उचलायची आहेत. आपल्याकडे हे अधिकार तहसीलदारांकडे असतात. तेव्हा प्रत्येक संस्थेच्या स्वयंपाकघरात, मावशी-काकांना दिसेल असा, तहसीलदार कार्यालयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लावा. आतलं पहिल्यांदा त्यांनाच कळतं. आणि जो कळवेल त्याची नोकरी जाणार नाही, हे जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी द्यावं.

राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर स्थानिक स्तर समिती असते. अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती, अशी तिची रचना कायद्यानेच ठरवली आहे. ती मुख्यतः पालकत्वाच्या अर्जांवर सह्या करण्यात गुंतलेली असते. समिती तयार आहे, माणसं नेमलेली आहेत. त्यांना प्रौढांच्या संस्थांमध्ये न कळवता पाठवा, सोबत डॉक्टर द्या.

आणि अहवाल कपाटात ठेवू नका. इंग्लंडात प्रत्येक संस्थेचा तपासणी अहवाल कोणालाही वाचता येतो, आणि मिळालेलं गुणांकन संस्थेच्या जागेत दर्शनी लावणं २०१५ पासून सक्तीचं आहे. इथं निदान प्रत्येक पालकाच्या हातात मराठी प्रत पडू दे. त्या प्रतीत संस्थेच्या चुकांइतक्याच ठळकपणे सरकारचीही बाजू लिहा: मंजूर पदांपैकी किती रिकामी, अनुदान किती महिन्यांचं थकलेलं, आणि ती फाइल आज कोणाच्या टेबलावर आहे.