उजेडाचे कुलमुखत्यार

तालुक्याच्या गावी ज्यांच्यावाचून लोकव्यवहार क्षणभरही चालू नये अशा असामींची यादी पूर्वी फार लवकर संपत असे. कचेरीच्या आवारात लिंबाच्या सावलीत पेटी मांडून बसणारा अर्जनवीस, दप्तर बगलेत मारून सदैव ‘आत्ताच बाहेर गेलेला’ तलाठी आणि डॉक्टरांच्या मनातले औषध डॉक्टरांच्याही आधी ओळखणारा कंपाउंडर, एवढे तिघे हाताशी असले की गृहस्थाला फारसे काही कमी पडत नसे. अलीकडे या मालिकेत चौथ्या एका इसमाची बिनविरोध भर पडली असून, बारामतीच्या भिगवण चौकापासून इंदापूरच्या बसस्थानकापर्यंत फ्लेक्स छपाईच्या आणि फोटो स्टुडिओच्या ज्या चिंचोळ्या गाळ्यांत तो वास करतो, तेथे दिवसभरात जितके अर्ज तोंडी दाखल होतात तितके मामलेदार कचेरीत लेखी तरी होत असतील की नाही, याची मला शंका आहे. काळवंडलेले छायाचित्र उजळून देणे हा त्याचा व्यवसाय. आणि त्या छायाचित्रांत माणसांच्या बरोबरीने जनावरांची हजेरी लागते, हे त्या व्यवसायाचे वैशिष्ट्य.

सकल तालुक्याला उजेड पुरवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र काळोखात बसतो. संगणकाच्या पडद्यावर बाहेरचे ऊन पडले तर रंगांची पारख बिघडते, या शास्त्रीय कारणास्तव त्याने गाळ्याच्या दाराला जाड पडदा लावलेला असतो. आणि हा पडदा म्हणजे बहुधा मागल्या निवडणुकीत पडलेल्या एखाद्या उमेदवाराचा उभा चिरून टांगलेला फ्लेक्स असल्यामुळे, आत येणाऱ्या प्रत्येक अर्जदाराला एका पराभूत हास्याच्या मधोमध वाट काढावी लागते. माणूस भेटला की नमस्कारापूर्वी तो त्याच्या चेहऱ्यावरील छाया न्याहाळतो. कुणाच्या घरी पंगतीस बसला तरी यजमानांना, “तात्या, खिडकी पाठीमागं आली तुमच्या, जरा इकडं सरका,” असे सांगितल्यावाचून त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, मग त्या ठिकाणी फोटो काढण्याचा कुणाचा इरादा असो वा नसो.

त्याच्यापुढे येणारे प्रकरण साधारणतः असे असते. “दादा, आपल्या टिप्याचा उद्या बड्डे हाय. फोटू जरा काळा आलाय, तेवढा उजेड मारा,” एवढे बोलून अर्जदार तडे गेलेला मोबाइल पुढे करतो. सदरहू चित्रात काळ्या रात्री, काळ्या रानात, ट्रॅक्टरच्या काळ्या चाकाला टेकून एक काळा कुत्रा बसलेला असल्याचे अर्जदाराचे कथन असते आणि त्या कथनास दोन हिरव्या ठिपक्यांखेरीज कोणताही पुरावा नसतो. आमचा गृहस्थ ते चित्र दूर धरून पाहतो, जवळ घेऊन पाहतो आणि शांतपणे हुकूम देतो, “व्हॉट्सअॅपवर साधा टाकू नका, चेंगरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” यावर अर्जदार दचकतो. “डॉक्युमेंट? कुत्र्याला बी सातबारा लागतोय व्हय आता?”

फोटो काळा का आला याचा खुलासा तो कधी करीत नाही, कारण खुलासा करू गेल्यास दोष फोटो काढणाऱ्याकडे, म्हणजे अर्जदाराच्या थोरल्या चिरंजीवाकडे जातो. वास्तविक कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाची बुद्धी सरासरीवर चालते. समोरचे जग एकंदरीत मध्यम करडे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकणारे आहे, अशा समजुतीवर तो आपला हिशेब मांडतो. त्यामुळे उन्हाने पांढऱ्याफटक पडलेल्या अंगणात काळा कुत्रा बसला की अंगणाची झळाळी आवरण्याच्या नादात कुत्र्याचा बळी जातो, आणि उसाच्या बांधावर मावळत्या सूर्यापुढे शुभ्र खिलार बैल उभा केला की आकाशाची शोभा राखण्याकरिता त्याचा कोळसा होतो.

नवशिका असता तर तो ‘ब्राइटनेस’ वाढवून मोकळा झाला असता. परंतु तसे करणे म्हणजे एका थकबाकीदाराकरिता सबंध गावावर पट्टी बसवणे होय, कारण त्यात कुत्र्याबरोबर आकाश, भिंत आणि शेजाऱ्याची मोटारसायकल हीही विनाकारण पांढरी पडतात. आमचा गृहस्थ ‘कर्व्ह’ नावाची रेषा उघडतो, तिचे छायेकडील टोक चिमटीत धरल्यागत हलकेच उचलतो, उजेडाकडील टोक जागच्या जागी खिळवून ठेवतो, आणि मग त्या अंधारातून प्रथम एक कान, नंतर मानेवरचा पट्टा, नंतर एक अर्धवट खाल्लेली चप्पल असा ऐवज क्रमाक्रमाने निष्पन्न होऊ लागतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस नोलने १९८७ साली काळ्यापांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवता याव्यात म्हणून जो छोटा प्रोग्राम रचला, त्यातूनच भाऊ जॉनच्या साहाय्याने पुढे फोटोशॉप उभे राहिले आणि १९९० मध्ये विक्रीस आले. काळे आणि पांढरे यांच्या दरम्यान बरेच काही असते, एवढ्या एका सिद्धांतावर उभारलेले हे साधन आमच्याकडे आले, ते मात्र काळ्याचे सरसकट पांढरे करून मागणाऱ्यांच्या गराड्यात.

या विद्येलाही मर्यादा आहेत. साध्या जेपेग चित्रात प्रत्येक रंगाला काळोखापासून उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. त्यांपैकी तळाच्या मोजक्या पायऱ्यांवर टिप्याचा सबंध देह दाटीवाटीने बसलेला असतो, आणि त्या ताणून वर आणल्या की लोमश अंगावर तांबडेनिळे दाणे उमटतात. हे पाहून अर्जदार चिंताक्रांत होतो. “दादा, ह्याला गोचिड्या कवा झाल्या?” दाणे पुसावेत, तर केसही पुसले जाऊन कुत्रा मेणाचा दिसू लागतो, आणि मग, “कातरला कुणी?” अशी दुसरी फिर्याद दाखल होते.

डोळ्यांचे प्रकरण तर याहून नाजूक. माणसाचा डोळा फ्लॅशमध्ये तांबडा येतो आणि तो तांबडेपणा काढण्याचे हत्यार सॉफ्टवेअरमध्ये तयार असते. परंतु कुत्र्यामांजरांच्या आणि गाईबैलांच्या नेत्रपटलामागे प्रकाश परत फेकणारा एक थर असल्यामुळे त्यांचे डोळे हिरवे, पिवळे किंवा निळसर चमकतात, आणि तांबड्याच्या शोधात निघालेले ते हत्यार त्यांच्यापुढे हात टेकते. अशा वेळी तो बाहुली स्वहस्ते काळी भरतो, तिच्यात वरच्या अंगाला पांढरा बिंदू ठेवतो आणि खुर्चीला टेकून म्हणतो, “डोळ्यात जीव आला की कुत्रं आलं.”

भाद्रपदी बैलपोळ्याच्या आधीचे दिवस हा त्याच्या सुगीचा काळ; त्यात शर्यतींचीही भर पडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बैलगाडा शर्यतींवर आणलेली बंदी १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त उठली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या काळात ज्यांची कीर्ती गोठ्यातच राहिली अशा बैलांची मोबाइलमध्ये साठलेली काळोखी चित्रे मग फलकांसाठी त्याच्या दारी येऊ लागली. याच बारामतीत अठराव्या शतकात मोरोपंतांनी एका रामकथेवर १०८ रामायणे रचली. त्या गावाची परंपरा आमचा गृहस्थ आपल्या परीने चालवतो: एकाच बैलाच्या ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल शेवटचे’ आणि ‘शेवटचे खरे’ अशा आवृत्त्या त्याच्या संगणकात नांदत असतात, फरक इतकाच की पंतांना दर रामायणागणिक वाढीव शुभेच्छुकांची नावे घालावी लागली नाहीत.

इतक्या प्रकरणांची रुजवात घालता घालता त्याला जे ज्ञान झाले, ते मला मोठे मोलाचे वाटते. लग्नाच्या बायोडाट्याकरिता येणारा माणूस, मग तो वर असो वा वधूचा मामा, पहिली विनंती करतो ती रंग दोन छटांनी उतरवण्याची. परंतु काळा कुत्रा गोरा करून द्या, काळी म्हैस गव्हाळ दाखवा, अशी मागणी घेऊन आजवर त्याच्याकडे कुणी आलेले नाही. उलट टिप्या किंचित करडा दिसला, तर, “हा आमचा न्हाय,” म्हणून चित्र परत येते. आषाढी वारीत तुकोबांची पालखी काटेवाडीस पोचते आणि मेंढ्या तिच्याभोवती रिंगण घालतात, तेव्हा भरल्या आभाळाच्या पांढुरक्या उजेडाखाली काढलेल्या फोटोत त्या काळ्या दख्खनी मेंढ्यांचा एकच डाग होतो. तो घेऊन येणारा मेंढपाळ, “समदी एकच झाल्यात, आमची तेवढी सुटी करून द्या,” एवढेच मागतो. त्याला मेंढी उजळ नको असते, ओळखू येईल अशी हवी असते. ही तफावत आमच्याच मुलखातली आहे असेही नाही. कोडॅकच्या जुन्या रंगीत फिल्मवर गडद तपकिरी छटा एकमेकींत बुडून जात. कंपनीने तिकडे लक्ष घातले ते चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांनी कुरकुर केल्यावर, आणि सुधारलेल्या फिल्मचा गौरव झाला तो मंद उजेडातल्या काळ्या घोड्याचेही बारकावे टिपणारी म्हणून. माणसाच्या काळ्या रंगाचे वकीलपत्र कंपनीने तेव्हा घेतले नाही. घोड्याचे मात्र घेतले.

हा न्याय त्याच्या दप्तरी एका प्रकरणाने कायमचा नोंदला गेला आहे. इंदापूरकडच्या एका उपवराचा एकच बरा फोटो होता, आणि त्यात शेजारी त्याचा काळा कुत्रा. घरच्यांचे फर्मान असे की नवरदेव उजळावा, कुत्र्याला धक्का लागू नये. गृहस्थाने नियमाप्रमाणे कुत्र्याभोवती मास्क आखला, त्याला बाजूस ठेवले आणि उरलेल्या चित्रावर सढळ हाताने प्रकाश ओतला. पुढे मुलीकडची मंडळी स्थळ पाहण्यास वस्तीवर आली, तेव्हा अंगणात दोरीला बांधलेल्या जनावराकडे बोट करून, “हेच घर,” असे मुलीच्या चुलत्यांनी ठामपणे सांगितले, आणि पाण्याचा तांब्या घेऊन सामोऱ्या आलेल्या उपवराला मात्र विचारले, “पाव्हणं, नवरदेव कुठायत?” दुसऱ्या दिवशी घरच्यांनी गाळ्यात येऊन याचा जाब मागितला. आमच्या गृहस्थाने चष्मा पुसला, दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावली आणि निर्विकार मुद्रेने आपला जबाब दिला.

“कुत्र्याला मी हात लावला नव्हता.”